पन्नासच्या नळीतला रंग

सोलापूर,
२२ मे १९७९

प्रिय बाळाबाई,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. कोल्हापुरात वसतिगृहाच्या दारात तू रोज पोस्टमनची वाट बघत असशील, हे कळत असूनही हात चालत नव्हता. तुझं काम तसं दोन ओळींचं. प्रबंध बांधायला द्यायचा आहे, आभाराचं पान तेवढं अडलंय, आणि त्यात माझं नाव कसं घालू, नुसतं 'पंचाक्षरी गुरुजी' चालेल का, एवढंच तू विचारलंस. मी त्याच दिवशी सात रस्त्याच्या पोस्टात जाऊन कार्ड आणलं. 'चि. बाळाबाईस अनेक आशीर्वाद' इथपर्यंत लिहिलं आणि थांबलो. ते कार्ड अजून खिडकीत पडून आहे; उन्हानं त्याच्या कडा वळल्यात. माझी खोली पश्चिमेला तोंड करून आहे, दुपारी तीननंतर भिंतीला हात लावू नये. तरी पत्र लिहायला मी हीच वेळ धरली. गार वाऱ्याला बसून हे लिहिणं मला जमलं नसतं, आणि जमायलाही नको.

तुझ्या पत्रातली दोन वाक्यं मला पाठ झालीत. पाठांतराची खोड जुनी, तुला ठाऊकच आहे. पहिलं वाक्य आभाराच्या पानासाठी तू योजलेलं: 'अचूक मोजायला आणि जे दिसलं तेच लिहायला ज्यांनी मला शिकवलं.' दुसरं पत्राच्या अगदी शेवटी, कागद संपत आला म्हणून कडेला आडवं लिहिलेलं: 'आई गेली त्या दिवशी मी कामावर असते तर तिला हाताला धरून सावलीत बसवलं असतं. आबा म्हणतात ते खरंच आहे. म्हणून गावाकडं यायला पाय उचलत नाही.' सहा वर्षं तू गावी का येत नाहीस हे मी तुला कधी विचारलं नाही. तुझ्या दुःखाचा मान राखून गप्प आहे अशी स्वतःची समजूत घालत होतो. खरं तर विचारायची मला भीती वाटत होती. आता एकाच पाकिटातून ही दोन वाक्यं आली. पहिल्याला उत्तर द्यायचं तर दुसऱ्यालाही द्यावं लागणार, ते सोडून कार्डावर 'चालेल' असं लिहिता येणार नाही, हे कळायला मला बारा दिवस लागले.

पण मी म्हातारा माणूस, सरळ वाटेनं चालायची सवय नाही. थोडं मागं जाऊ दे.

आपली ती प्रयोगशाळा आठवते का गं? प्रयोगशाळा कसली, पाचवीच्या वर्गामागची पत्र्याची खोली. एक डगमगतं टेबल, एक रॉकेलचा स्टो, आठ परीक्षानळ्या, त्यातली एक काठाला टवका उडालेली. मी मुळात मराठीचा मास्तर. कविता चालीवर म्हणावी, म्हणून घ्यावी, बाकावर बोटांनी मात्रा मोजाव्यात, आणि घंटा झाली तरी पोरांनी उठू नये, एवढीच माझी हौस. तरुणपणी इंटर सायन्सला दोनदा नापास झालेला माणूस शाळेत आहे असं हेडमास्तरांना कळलं आणि दुसरं कुणी नाही म्हणून विज्ञान माझ्या गळ्यात आलं. मी तेही कवितेसारखंच शिकवलं. मुळांनी पाणी कसं वर चढतं ते सांगताना माझाच आवाज भरून यायचा. तुम्ही पोरं तोंडाचा आ करून ऐकायची. अजूनही दुपारी डोळा लागला की ती खोली दिसते, पत्र्याच्या भोकातून पडलेला उन्हाचा कवडसा दिसतो, आणि पहिल्या बाकावर परकराच्या ओच्यात वही धरून बसलेली तू. त्या वर्गाला माझं शिकवणं आवडत होतं, हे खोटं नाही. पण शिकवणं आवडतंय म्हणजे ते बरोबरच असणार, असं मी धरून चाललो.

त्या वर्षी दुष्काळ होता. त्र्याहत्तरचा जानेवारी, तुझी अकरावी, मॅट्रिकचं वर्ष. मी सोलापूरच्या मंडईतून दोन बिटं आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर धरून. गावात कुणी बीट पाहिलेलं नव्हतं. कापल्यावर कुणीतरी मागून म्हणालं, 'हा तर रगताचा कांदा!' आणि सगळा वर्ग हसला. हा प्रयोग तुमच्या पुस्तकात नव्हता. माझ्या कॉलेजच्या जुन्या पुस्तकात होता, त्याची कड वाळवीनं खाल्लेली. शाळेची विहीर आटलेली, म्हणून प्रयोगासाठी प्रत्येकानं घरून तांब्याभर पाणी आणायचं ठरलं. आज तू हे सगळं माझ्यापेक्षा शंभर पटीनं जाणतेस, पण मी तेव्हा तुम्हाला कसं सांगितलं ते मला आठवतं. पेशी म्हणजे रंगानं भरलेली खोली, तिच्या भोवती कांद्याच्या सालीहून पातळ पापुद्रा. सुरीनं ज्या पेशी चिरल्या गेल्या त्यांचा रंग आधी धुऊन टाकायचा. मग चकतीत उरतो तो पापुद्र्यानं धरून ठेवलेला. तीस अंशांच्या पाण्यात तो धरलेला राहतो. चाळीसला राहतो. पन्नासला पाण्याला जेमतेम गुलाबी झाक. साठला पापुद्र्याची वीण उसवते आणि रंग बाहेर येतो. सत्तरला सगळी नळी लाल. आणि एकदा सुटलेला रंग, नळी मग कितीही गार करा, परत आत जात नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं होतं, कवितेचं ध्रुवपद म्हणावं तसं. मला ते फार सुंदर वाटलं होतं.

तुझी पन्नासची नळी लाल झाली. गुलाबी नाही, चांगली लाल. मी म्हटलं, चकत्या नीट धुतल्या नसतील. तू दुसऱ्या चकत्या केल्यास, तीन पाण्यांतून काढल्यास, पुन्हा तेच. मग तू थर्मामीटर उचलून उजेडाकडं धरलास आणि म्हणालीस, 'गुरुजी, बीट कशाला खोटं बोलंल? तुमच्या काचंचंच कायतरी बिगडलंय की. मडिवाळप्पाच्या चाच्या किटलीत बुडवून बगू. उकळत्या पान्यात शंभराच्या जवळ जाया पायजे न्हवं?'

त्या थर्मामीटरबद्दल तुला सांगायला हवं. तो लाल अर्काचा होता, आणि त्याच्या वरच्या टोकाला एक लाल थेंब अडकलेला होता. शाळेत आणला त्याच दिवशी मी तो वर्गात फिरवला आणि म्हणालो, 'बघा रे पोरांनो, काचेच्या कपाळाला कुंकवाची टिकली!' पोरांनी टाळ्या पिटल्या. तो थेंब खालच्याच रेघेतला होता, बाळाबाई. वाफ होऊन वर गेलेला आणि तिथंच बसलेला. जेवढा वर अडकला तेवढी खालची रेघ आखूड. म्हणजे जे मोजू ते खऱ्यापेक्षा कमी दिसणार. दोन मिनिटं विचार केला असता तर इंटर नापासालाही कळलं असतं. पण मला उपमा सापडली होती. उपमा सापडली की माझं बघणं तिथंच संपायचं.

तुझं म्हणणं ऐकून वर्ग हसला. माझ्यावर हसला असं मला वाटलं. मेंढरं राखणाऱ्या येडूची पोरगी भर वर्गात माझ्या काचेला खोटी म्हणते, हे मला झोंबलं. त्यातला जातीचा ताठा आज मी लपवत नाही. किटली दहा पावलांवर होती. मडिवाळप्पा शिपाई दारात उभा होता, त्यानं स्टोला पंपही मारायला घेतला होता. मी त्याला हातानंच थांबवलं. आणि तुझ्या प्रयोगवहीत तांबड्या शाईनं लिहिलं: 'चकत्या धुतल्या नाहीत. पाणी वाचवायला केलेला आळस. निरीक्षण पुस्तकाप्रमाणे लिहून आणावे.' त्या चकत्या धुवायला तू स्वतःच्या पिण्याचं पाणी ओतलं होतंस, हे मला संध्याकाळी मडिवाळप्पानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू नवं पान लिहून आणलंस. पन्नास अंश: फिकट गुलाबी. मान खाली घालून वही पुढं केलीस आणि मी 'छान' असा शेरा दिला. अचूक मोजायला आणि जे दिसलं तेच लिहायला मी तुला असं शिकवलं.

जुनं पान मी फाडून घेतलं, पण टाकलं नाही. त्याच्या पाठीमागं तू सुवाच्य अक्षरात एक कविता उतरवून घेतली होतीस, मीच सांगितलेली. कवितेचं पान फाडून फेकवत नाही, म्हणून ते राहिलं. इतकंच कारण. ते या पाकिटात घातलंय.

आता उन्हाळ्याचं सांगतो. तुला माहीत आहे त्यातलं बरंच, पण माझ्या बाजूनं ऐक.

मार्चात तुझी परीक्षा झाली आणि तू आईबरोबर, केराबाईबरोबर, दुष्काळी कामावर जायला लागलीस. अख्खं गावच माळावर खडी फोडत होतं. तुझा बाप येडूअण्णा उरलेली मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी विजापूरकडं गेलेला. शाळेला सुट्टी, म्हणून मी मुकादम सिद्रामप्पाला हजेरी लिहायला मदत करत होतो. मेच्या पहिल्या आठवड्यात दोन बाया कामावर भोवळ येऊन पडल्या. त्यानंतर फेरीवर आलेला ओव्हरसियर तोंडी सांगून गेला, की सावलीत बेचाळीसच्या वर पारा गेला तर बारा ते चार काम थांबवा. कागद वगैरे काही नाही, आपल्या माळापुरती केलेली सोय. सिद्रामप्पा माझ्याकडं आला. 'गुरुजी, साळंची ती काच द्या की. आमाला काय कळतंय बेचाळीस आन् त्रेचाळीस?' मी लगेच निघालो. नव्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून तो थर्मामीटर मी माळावर नेला आणि तिथल्या एकुलत्या कडुलिंबाला, सावलीच्या बाजूला, सुतळीनं बांधला. तू खडीच्या ढिगावरून बघत होतीस. तू तोंड उघडलंस, असं मला आठवतं. मग मिटलंस. उघडून पुन्हा मिटायला तुला कुणी शिकवलं होतं?

एक गोष्ट मी त्या दिवसांत पाहिली आणि तिचा अर्थ लावला नाही. काच यायच्या आधी बाया आपल्या अंगाचं ऐकायच्या. दगड हाताला धरवेना झाला, तोंडाला कोरड पडली, की एकजण उठायची आणि तिच्यामागं दहाजणी उठून सावलीला जायच्या, सिद्रामप्पा कितीही ओरडो. काच आल्यावर त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी बाराला लिंबाखाली जायचो, चष्मा पुसायचो आणि आकडा ओरडून सांगायचो. सदतीस. अडतीस. कधी बेचाळीसला गेलाच नाही. 'आज लई भाजतंय की वो गुरुजी,' असं कुणी म्हणायची. मी म्हणायचो, 'अडतीसच आहे, बाई, मनाला लावून घेऊ नका.' आणि ती पुन्हा हातोडा उचलायची. शाळा शिकलेल्या माणसानं सांगितलंय म्हटल्यावर आपल्याच अंगातली आग त्यांना खोटी वाटायला लागली.

एकवीस मे. त्या दिवशी मी तुला शाळेत बोलावलं होतं, कॉलेजच्या वसतिगृहाचा अर्ज भरायला. केराबाईनंच तुला पाठवलं, 'जा, तुज्या वाटनीचा ढीग मी फोडते,' म्हणून. एवढं तुला माहीत आहे. तुला अर्जाशी बसवून मी बाराच्या सुमाराला माळावर गेलो, आकडा बघायला. पुढचं तुला माहीत नाही. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

केराबाई ढिगावरून उठून लिंबाखाली आली होती. तोंड लाल झालेलं, पदर डोक्यावरून घेतलेला, हसत होती. तुझ्या आईला हसल्याशिवाय बोलता यायचं नाही. म्हणाली, 'गुरुजी, तुमच्या काचंला इचारा की, आज तरी सुट्टी देती का. माजं आंग कसं चुलीतून काडल्यागत झालंय.' मी चष्मा पुसला. बघितलं. 'अडतीस,' म्हणालो. ती हसली. 'मग माजंच टकुरं तापलंय म्हनायचं. म्हातारी झाले वाटतं.' तांब्यातलं दोन घोट पाणी प्याली, उरलेलं शेजारणीच्या लेकराला दिलं आणि परत ढिगाकडं गेली. दोन ढिगांकडं, तुझ्या आणि तिच्या. मी तिथं उभा होतो. माझ्या अंगाचा घाम वाळून मीठ झालं होतं. वरून घार गेली नाही, खाली मुंगी दिसली नाही, आणि मी मनाशी म्हणत होतो की या शुकशुकाटावर काहीतरी लिहायला हवं.

तीनच्या सुमाराला तिचं अंग कोरडं पडलं. ती असंबद्ध बोलायला लागली, विकलेल्या मेंढरांना हाका मारायला लागली, 'पान्यावर न्या, पान्यावर न्या' म्हणायला लागली. तिला उचलून लिंबाखाली ठेवलं, बरोबर काचेच्या खाली. तू धावत आलीस तेव्हा सिद्रामप्पा काचेकडं बोट करून सगळ्यांना सांगत होता, 'एकुणचाळीसच हाय वो, एकुणचाळीस. ऊन न्हाय हे, बाईला आदीचंच कायतरी असंल.' आम्ही ओली फडकी घातली, वारा घातला, सावलीत धरलं. आता अंग गार केलं तरी उपयोग नाही, हे तिथल्या सगळ्या माणसांत फक्त मी वर्गात दोनदा म्हणून दाखवलेलं होतं. बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत नेईतो ती गेली.

तिसऱ्या दिवशी राख सावडून तुम्ही परत आलात. मी माळावर जाऊन काच सोडून घरी आणली, किटलीत पाणी ठेवलं, खळखळून उकळू दिलं आणि ती त्यात बुडवली. लाल रेघ चढत गेली, एक्क्याण्णवला थांबली. मी रॉकेल संपेपर्यंत बघत बसलो. ती पुढं सरकली नाही. आपल्याकडं पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. म्हणजे सात अंश. तुझी पन्नासची नळी सत्तावन्नची होती, म्हणून लाल झाली. आणि माझे अडतीस पंचेचाळीस होते. त्या महिन्यात रोजच बाराला काम थांबायला हवं होतं.

सिद्रामप्पाला मी सांगितलं, काच फुटली. दुसऱ्या दिवसापासून बाया पुन्हा आपल्या अंगाचं ऐकून अकरालाच उठायला लागल्या. त्यानंतर तिथं कुणी दगावलं नाही.

नवव्या दिवशी येडूअण्णा मेंढरं टाकून आला. मी तुमच्या दारात गेलो तेव्हा काच माझ्या पिशवीत होती. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तो ओट्यावर डोकं धरून बसलेला, आणि तू समोर उभी. तो तुला म्हणाला, 'तू असतीस तर बसवली असतीस की तिला सावलीला. साळा साळा करत आईला खाल्लीस.' तू माझ्याकडं बघितलंस, गुरुजी काहीतरी बोलतील म्हणून. मी म्हणालो, 'अण्णा, धीर धर.' एवढंच म्हणालो. आणि पिशवी काखेत घट्ट धरून घरी आलो.

पुढं मी तुझा कॉलेजात प्रवेश करून दिला, पुस्तकं पाठवली, दर दिवाळीला पत्र लिहिलं. गावातून सेवानिवृत्त होऊन सोलापुरात आलो तरी तुझे निकाल मी पेपरात शोधत होतो. तू ते प्रेम समजलीस. होतंही. पण त्यात प्रेम किती आणि भीती किती, हे कुठल्या काचेनं मोजावं? तुझ्या पत्रात तू प्रबंधातल्या प्रयोगाबद्दल लिहिलंस, की बर्फात गोठवलेल्या चकत्यांनीही वितळताना रंग सोडला, उन्हासारखंच गारठ्यानंही पापुद्रा फाटतो. ते वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं. सहा वर्षं मी ही गोष्ट गोठवून ठेवली होती आणि समजत होतो, की जिथल्या तिथं राहील. तेवढ्या सहा वर्षांत तू मात्र तुझ्या आईचं मरण स्वतःच्या नावावर लिहून मोकळी झालीस. पुन्हा पुस्तकाप्रमाणे. पुन्हा माझ्यामुळं.

आभाराच्या पानावर माझं नाव घालू नकोस. तिथं केराबाईचं घाल. आपल्याला भाजतंय हे तिनं बरोबर मोजलं होतं. तुझं फाडलेलं पान सोबत आहे. त्यावरचा माझा शेरा मी खोडलाय आणि खाली आजची तारीख घालून 'निरीक्षण बरोबर' असं लिहिलंय. त्याचा तुला आता काही उपयोग नाही, हे मला कळतं.

आणि हे पत्र आज का लिहितोय, तेही सांगतो, कारण मी आपल्या मनानं लिहायला बसलो असं तुला वाटायला नको. काल तिचा दिवस होता. मी पहाटेच्या गाडीनं गावी गेलो, काच पिशवीत घालून. येडूअण्णा आता थकलाय, सातआठ मेंढरं उरलीत, बाभळीखाली बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याला आकडे कळत नाहीत, म्हणून त्याच्याच तीन दगडांच्या चुलीवर पाणी उकळून दाखवलं. रेघ कुठं जायला हवी आणि कुठं थांबते ते नखानं दाखवलं. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. त्या दोन जागांच्या मधे त्यानं आपलं बोट आडवं धरलं. 'एवडंच?' म्हणाला. मी म्हटलं, एवढंच. 'बोटभर,' म्हणाला. मला वाटलं मारील, आणि मारावं असं मला वाटत होतं. त्यानं काच पुसली, पटक्यात खोवली. 'तुमचं मी मागनं बगतो, गुरुजी. सा वर्सं मी पोरीला बोल लावला. आदी तिला लिवा. मला लिवाया येत न्हाय, न्हायतर तुमच्या हातानं लिवलं नसतं.' मग त्यानं सांगितलं ते मी त्याच्यासमोर कागदावर उतरवलं, त्याच्याच शब्दांत, एक काना बदलला नाही: 'बाळे, तुजं काय चुकलं न्हवतं. मी बोललो ते चुकलं. काच माज्यापाशी हाय, तू आल्याबिगर कुनाला देत न्हाय. घरला ये.' तो कागद या पत्रामागं टाचलाय. खाली निळा ठसा आहे तो त्याच्या अंगठ्याचा, माझ्या पेनातल्या शाईचा. ठसा थोडा फाकलाय. त्याचा हात स्थिर होता. कागद मी धरला होता.

तुझाच, आणि तुझ्या उत्तराची वाट बघायचा हक्क नसलेला,
पंचाक्षरी